डायलिसिसवरील वडिलांचा आहार: प्रथिने कमी ठेवावीत का?

प्रश्न: नमस्कार. आम्ही इंदूरला राहतो. माझ्या वडिलांचे (वजन 60 किलो) गेल्या महिन्यापासून आठवड्यातून तीनदा हीमोडायलिसिस होते. डाळ त्यांनी पूर्वीच जवळजवळ सोडली होती आणि आता पोह्यांवरची शेव व जिरावण (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) हेही बंद केल्यामुळे ते बशी पुढे सारून उठून जातात. प्रथिने अजूनही कमीच ठेवायची का?

उत्तर 1: नाही, बहुतेक घरांत इथेच चूक होते. डायलिसिसपूर्वी प्रथिने कमी करायला सांगतात. परंतु डायलिसिसमध्ये अमिनो आम्लेही वाहून जात असल्यामुळे आता दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे त्यांना 60 ते 72 ग्रॅम प्रथिने लागतील. अंडे चालत असेल तर पांढरा भाग द्यावा, त्यात फॉस्फरस फार कमी असतो. नेमके प्रमाण आहारतज्ज्ञांकडून रक्ततपासणी पाहून ठरवून घ्या.

उत्तर 2: माझ्या आईच्या पोह्यांत मी बटाटा बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून आणि ते पाणी फेकून मगच घालते, कारण पोटॅशियम बरेचसे त्या पाण्यात उतरते. चवीसाठी लिंबू आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. ‘कमी सोडियमचे’ मीठ मात्र कृपया आणू नका. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते आणि ते हृदयाच्या ठोक्यांना धोकादायक ठरू शकते.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. तसले मीठ आमच्या डब्यात होते, ते आत्ताच काढून टाकले.