एका फेरीत छोटं प्राणिसंग्रहालय वाईट ठरवता येतं का?

माळरान:
'छोटी प्राणिसंग्रहालयं म्हणजे तुरुंग, सगळ्यांना टाळं लावा' ही पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. पुरावा काय, तर सिंह मेल्यासारखा पडला होता आणि बिबट्या येरझाऱ्या घालत होता. अहो सिंह जंगलातसुद्धा दिवसाचे वीसेक तास लोळतच असतो! मी अशाच एका छोट्या ठिकाणी सहा वर्षं कीपर होतो. आमची अस्वलीण सर्कशीतून सोडवलेली, तिथला पिंजरा जेमतेम चार पावलांचा, म्हणून आमच्याकडे एवढं मोठं आवार मिळूनही ती चारच पावलं टाकायची, मानेला झटका द्यायची आणि वळायची. मातीत खोल वाट पडली होती तिची. आम्ही ओंडक्यांना भोकं पाडून मध भरायचो, खाणं रोज नव्या जागी लपवायचो, मग ती हुंगत हुंगत सगळीकडे फिरायची. येरझाऱ्या कमी झाल्या, पण पूर्ण थांबल्या कधीच नाहीत. आणि दोन मिनिटं थांबलेला माणूस म्हणायचा, काय हाल करतात बघा.

दुर्बीण:
पोस्ट माझीच आहे. सर्कशीचं कारण सगळेच देतात. हा बिबट्या तिथेच जन्मलेला, पाटीवर लिहिलंय. मी पाऊण तास उभा होतो. सिमेंटची फरशी, पाण्याच्या हौदावर हिरवा थर, चढायला एक फांदी नाही, लपायला आडोसा नाही आणि चारी बाजूंनी माणसं. झुरिकच्या झूचे संचालक हायनी हेडिगर यांनी गेल्या शतकातच मांडलंय की प्रत्येक प्राण्याचं एक पळायचं अंतर असतं, माणूस त्याच्या आत आला की तो दूर जातो. इथे जाणार कुठे? २००३ साली रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोघी संशोधिकांचा अभ्यास 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला, त्यात हेच की जंगलात जे मांसाहारी लांब लांब फिरतात त्यांचेच बंदिवासात जास्त हाल होतात, येरझाऱ्याही जास्त आणि पिल्लंही जास्त दगावतात. मग जागा नाही तर ठेवता कशाला?

चिमणचारा:
आडोसा दिला की प्राणी दिसला नाही म्हणून लोकच भांडतात. माझा राग पिंजऱ्यापेक्षा बघणाऱ्यांवर जास्त आहे. घुबडाच्या काचेवर एक गृहस्थ गाडीच्या किल्लीने टकटक करत होते, ते बिचारं कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं, डोळे अर्धे मिटलेले. मी बोलले तर म्हणे, तिकीट काढलंय आम्ही.

सावली:
हेच ते! माझा मुलगा चार वर्षांचा, एकदा काच वाजवली तर एका बाईंनी चारचौघांत इतकं झापलं की घरी येईपर्यंत रडत होता. प्राण्यांचा एवढा कळवळा आणि लेकराचा नाही?

चिमणचारा:
चार वर्षांच्या पोराला झापू नये, मान्य. पण त्याचा हात धरायला कोण होतं?

सावली:
तुम्हाला मुलं असती तर असं बोलला नसतात.

चिमणचारा:
दोन आहेत. दोघांनाही आत शिरायच्या आधी सांगते, आपण त्यांच्या घरी आलोय. वैयक्तिक तुम्ही आधी झालात.

माळरान:
भांडू नका, पण हा विषय लहान नाही. आमचं एक हरीण खाणं सोडून पाच दिवसांत गेलं. पोटातून प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा निघाला, दोन्ही हातांत मावेना. पिशवी काही आम्ही चारली नव्हती.

खारुताई:
छोटं म्हणजे वाईट हे समीकरणच चुकीचं आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क झूमधलं गस नावाचं ध्रुवीय अस्वल १९९० च्या दशकात दिवसचे दिवस आठाच्या आकड्यात पोहत बसायचं, आणि ते काही गरीब ठिकाण नव्हे. दुसरीकडे अरबी ओरिक्स, म्हणजे वाळवंटातला लांब शिंगांचा हरणासारखा प्राणी, १९७२ पर्यंत जंगलातून संपला होता, बंदिवासात वाढवलेले कळप होते म्हणून १९८२ मध्ये ओमानात परत सोडता आला.

दुर्बीण:
ओरिक्सची पुण्याई सगळ्यांनी वाटून घेऊ नये. त्यामागे वंशावळीची नोंद ठेवून केलेलं प्रजनन होतं. मी गेलो तिथे सिंहाचं पिल्लू मांडीवर देऊन फोटो काढत होते, त्याने कोणती जात वाचते?

माळरान:
पिल्लू हातात देत असतील तर ते ठिकाण मीही टाळेन. आईपासून तोडल्याशिवाय ते होतच नाही. फांदी आणि आडोशाचं म्हणाल तर त्याला पैसे लागत नाहीत, आठवण लागते, तिथेही तुमचं बरोबर. छोट्या ठिकाणी मोठी मार्जारं ठेवूच नयेत हे मला कीपर असताना पटत नव्हतं, आता थोडं पटतं. पण 'सगळ्यांना टाळं' लावलंत तर आमच्या अस्वलिणीसारख्यांनी जायचं कुठे?

दुर्बीण:
'सगळ्यांना' हा शब्द मागे घेतो. बिबट्याबद्दल एक अक्षर घेत नाही.

माळरान:
एक सांगा, किती वाजता बघितलात आणि तो नेमका कुठे फिरत होता?

दुर्बीण:
साडेचार. मागच्या लोखंडी दारासमोर, सारखा तिथेच.

माळरान:
ते आतल्या खोलीचं दार असणार, संध्याकाळचं मांस बहुतेक आतच देतात, त्या वेळेला आमचेही दाराशी असेच फिरायचे. सकाळी उघडल्या उघडल्या जाऊन बघा. तेव्हाही तसाच दिसला तर तक्रार मी स्वतः लिहून देतो, हौदाच्या फोटोसकट.

दुर्बीण:
रविवारी जातो.

चिमणचारा:
घुबडाकडेही एक नजर टाका.