मदत हवी आहे: नीडल बदलूनही जुन्या बुलेटचा कार्बोरेटर ठिबकतोच आहे

गाडी बाबांची. १९८९ची बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिन, २४ मिमीचा मिककार्ब कार्बोरेटर, पहिल्यापासूनचा. असते देवगडात. बाबा आता चालवत नाहीत, पण संध्याकाळी एक किक मारून आवाज ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

तक्रार अशी: टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडला की दहा मिनिटांत कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या नळीतून पेट्रोल ठिबकायला लागतं. आधी गाडी पडवीत असायची. तिथून चार पावलांवर तुळस, आणि आई तिन्हीसांजेला तिथे दिवा लावते. एकदा पेट्रोलचा वास घरात आला तसा मी हादरलो आणि गाडी बाहेर मांगराकडे (शेतातल्या खोपीकडे) नेली. वर ताडपत्री आहे, पण पाऊस तिरका येतो आणि खाऱ्या हवेने रिमवर गंजाचे ठिपके दिसायला लागलेत.

आतापर्यंत आत येणारं पेट्रोल अडवणारी नीडल आणि ती जिथे बसते ती सीट दोन्ही नवीन टाकली, बाऊलचं (कार्बोरेटरच्या खालच्या, पेट्रोल साठणाऱ्या वाटीचं) गॅस्केट बदललं. फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून नीडल वर ढकलणारा भाग, कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल खळखळत नाही. गरम पाण्यात बुडवून पाहिला, एकही बुडबुडा नाही. त्याची जीभ किंचित वाकवून पातळीही खाली आणली. टाकीच्या तळाला लाल गाळ निघाला, म्हणून मध्ये फिल्टर घातला. गाडी सपाट जमिनीवर, मधल्या स्टँडवरच असते. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येतो का ते रोज बघतो, अजून तरी नाही.

एक गोष्ट मात्र कळत नाही. रात्री कॉक बंद करतो, तरी सकाळी बाऊल जवळजवळ रिकामा. कॉक उघडून मिनिटभर थांबलं नाही तर गाडी सुरू होत नाही.

इथला एक मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटरच नवा घाला. दोष कळल्याशिवाय मूळ कार्बोरेटर काढायला मन होत नाही. कुणी असं निस्तरलंय का?

प्रतिसाद (मालवण)

रे बाबा, नीडल सोड. रात्री कॉक बंद आणि सकाळी बाऊल रिकामो, म्हणजे पेट्रोल वरसून नाय, खालसून जाता.

बाऊलच्या आत एक उभी पितळी नळी असते, तीच ओव्हरफ्लो. नीडल किंवा फ्लोट बिघडला तर पेट्रोल त्या नळीच्या तोंडावरून सांडतं. कॉक बंद केला की पातळी तोंडाला येऊन थांबते, बाऊल भरलेलाच राहतो. तुझा रिकामा होतोय. नळीलाच तडा असणार. पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी उतरतं, ते जड म्हणून बाऊलच्या तळाशी बसतं आणि नळीचं बूड खातं. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये तर पाणी आणखी लवकर शिरतं.

बाऊल काढ, पुसून कोरडा कर, नळीच्या तोंडाच्या थोडं खालपर्यंत पेट्रोल ओत आणि खाली वर्तमानपत्र ठेव. उघड्यावर कर, जवळ विडी-काडी नको.

मूळ लेखक

केलं. नळीचं तोंड पेट्रोलच्या चांगलं वर होतं, तरी पाचेक मिनिटांत खालच्या टोकाला थेंब जमला, लोंबला आणि कागदावर पडला. मग दुसरा. बाबांनी चष्मा लावून बाऊल उजेडात फिरवला आणि नखाने दाखवलं: बुडाशी केसाएवढी उभी चीर, कडेला हिरवट. नवीन नीडल-सीटचे पैसे गेले त्याचं काही नाही, दोष सापडला. तुमचे मनापासून आभार.

आता पुढचा प्रश्न. चिरेवर डाख द्यावा, की नळी ओढून काढून नवी बसवावी? बाऊल ओतीव धातूचा, जास्त आच लागली तर तो वितळून बसेल म्हणून भीती वाटते. सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीकडे इतकं बारीक डाखकाम कोण करतं? सोनाराला दाखवावं का? तोवर कॉक बंद, आणि बाबांची किक बंद.