आबांचं फुफ्फुसाचं ऑपरेशन: रोबोट, दुर्बीण की छाती उघडून? (वय ७४)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

वडील, आम्ही आबा म्हणतो. यावल तालुक्यात केळीची शेती. बिडी आयुष्यभर, ती आत्ता दिवाळीत सुटली. खोकला सुरू झाला तेव्हा थुंकी निगेटिव्ह असूनही टीबीच्या गोळ्या चालू केल्या गेल्या, त्यात महिने गेले. असो. आता बायोप्सीत एडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, आलाय. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या लोबमध्ये (कप्प्यात) २.८ सेंमीची गाठ, पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही. शुगर गोळ्यांवर आटोक्यात, टूडी इको ठीक, पीएफटीत (फुफ्फुसाची ताकद मोजणारी तपासणी) एफईव्ही१, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, अपेक्षेच्या ६२ टक्के.

लोब काढायचा यावर सगळ्या डॉक्टरांचं एकमत आहे. कसा काढायचा, यावर नाही. नाशिकचे सर्जन म्हणतात छाती उघडून करू, त्यांचा हात त्यातच बसलाय. मुंबईत एकांनी रोबोटिक सुचवलं, ‘या वयात हेच बरं’, आणि एस्टिमेट दोनेक लाखांनी जास्त. तिसरे म्हणतात, साध्या दुर्बिणीतून, म्हणजे व्हॅट्सने होतंय, रोबोट कशाला?

मला कळलंय ते असं. छाती उघडताना बरगड्या फाकवतात. ते दुखतं, म्हणून पेशंट जोर लावून खोकत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. म्हाताऱ्या माणसाला खरी भीती त्याचीच. दुर्बीण आणि रोबोट दोन्हींत बरगड्या फाकवत नाहीत. ब्रिटनमधल्या व्हायलेट चाचणीत (२०२२, ५०३ रुग्ण) दुर्बिणीवाले साधारण ४ दिवसांत घरी गेले, उघड्या ऑपरेशनवाले ५ दिवसांत, आणि पाच आठवड्यांनी दुर्बिणीवाल्यांची हालचालही चांगली होती. इथपर्यंत पटलं. अडलोय ते रोबोट की दुर्बीण यावर.

आबांनी विचारलं, “मशीन कापी का डॉक्टर?” म्हटलं, डॉक्टरच, बाजूला कन्सोलवर बसून हात चालवतात, मशीन मनानं काही करत नाही. तर म्हणे, “मंग पैसा कसाना जास्ती?” याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाच्या घरी सत्तरीपुढे झालंय का रोबोटिक? मेडिक्लेमचा अनुभव काय?

प्रतिसाद १
दादा, मी छातीच्या ऑपरेशनांना भूल देते, पुण्यात. रोबोटचे हात मनगटासारखे वळतात, चित्र थ्रीडी दिसतं, गाठीभोवतीच्या लिम्फ नोड्स काढायला सोपं जातं. पण चांगल्या हातातली दुर्बीण आणि रोबोट यांत पेशंटच्या जगण्यात ठळक फरक दिसलेला नाही. उघड्या ऑपरेशनपेक्षा दोन्ही बरे, एवढं नक्की. सर्जनला सरळ विचारा: वर्षाला किती लोबेक्टॉमी (लोब काढायची ऑपरेशनं) करता? त्यातल्या किती मध्येच उघडाव्या लागल्या?

माझं लक्ष मात्र एफईव्ही१च्या त्या ६२ वर आहे. दोन्ही फुफ्फुसांचे मिळून १९ भाग धरतात, उजव्या वरच्या लोबमध्ये ३. म्हणजे ६२ गुणिले १६ भागिले १९, ऑपरेशननंतर उरणार ५२ च्या आसपास. ६० च्या खाली आलं की जिना चढण्याची किंवा चालण्याची चाचणी करतात. आणि डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी तपासणी) झालीय का? तुम्ही लिहिलेलं नाही. ती झाल्याशिवाय तारीख घेऊ नका. तीन छोट्या चेंडूंचा स्पायरोमीटर (श्वास ओढून चेंडू वर उचलायचे, फुफ्फुसाच्या व्यायामाचं साधन) आजच आणा, ऑपरेशनआधीपासून रोज करायला लावा.

प्रतिसाद २
मेडिक्लेमबद्दल: आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) नियमानुसार रोबोटिक सर्जरी पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही, पण तिच्यावर वेगळी मर्यादा घालता येते. आमच्या पॉलिसीत ती बारीक अक्षरात सापडली. टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी) आकडा लेखी घ्या, फोनवरच्या ‘होऊन जाईल’वर जाऊ नका. आणि ७० च्या पुढे आयुष्मान कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाख. कुठल्या दवाखान्यात कशाला चालतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

धागाकर्ता
ताई, डीएलसीओ झालेलीच नाही, कुणी सांगितलीही नव्हती. गावात धाब्याचं घर, जिना कुठून आणू? जळगावला बहिणीकडे तिसरा मजला आहे, तिथे चढवून बघू का?

प्रतिसाद १
घरी नको. दवाखान्यातच, बोटाला ऑक्सिमीटर लावून. २२ मीटर उंची मोजतात, तिसऱ्या मजल्यानं भागणार नाही.