मदत हवी आहे: गच्चीचं पाणी थेट बोअरमध्ये सोडावं की खड्ड्यात जिरवावं?

नमस्कार मंडळी. पुण्यात आमची जुनी, सोळा फ्लॅटची सोसायटी आहे. मार्च लागला की बोअर आटतं आणि टँकरची वर्गणी सुरू होते. गच्ची साधारण 400 चौरस मीटर. वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटर धरला आणि वाया जाणारं वजा केलं, तरी सव्वादोन लाख लिटर पाणी होतं. ते सगळं पाइपातून सरळ गटारात जातं, बघून जीव तुटतो.

एक प्लंबर म्हणतो, फिल्टर लावून थेट बोअरमध्ये सोडा. दुसरा म्हणतो, बोअरभोवती खड्डा घेऊन दगड, खडी, वाळू भरा. पण खाली काळा कातळ आहे. पाणी मुरेल, की तुंबून पार्किंगमध्ये येईल? शिवाय गच्चीवर कबुतरांची घाण. ती बोअरमध्ये उतरली तर असलेलं पाणीही नासेल, ही माझी खरी भीती. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह तुमच्याकडे कोण फिरवतं? वाळू कधी धुता?

ज्यांच्याकडे दोन-तीन पावसाळे काढून झालेत, त्यांनी कृपया सांगा. चेंबरचा फोटो टाकलात तर फारच बरं. मे संपायच्या आत काम उरकायचं आहे.