चर्चा: क्वांटिफायर काढायला प्रतिस्थापन पुरतं, की सरळ सीएडी लावायची?

शिरोलीकर: मत आधीच मांडतो, मग झोडा. फाउंड्रीतल्या भूमितीला सीएडी, म्हणजे बीजगणितीय दंडगोल-विभाजन (अवकाश कप्प्यांत चिरून प्रत्येक कप्प्यातला एक नमुनाबिंदू तपासणं), लागत नाही. फ्लँजची त्रिज्या १०० मिमी, तीच एकक धरू. त्यात लंबवर्तुळाकार खाच, आडवा अर्धअक्ष अ, उभा ब, केंद्र आडवं क ने सरकलेलं (क ऋण नाही). खाच बाहेर पडू नये यासाठी अ, ब, क वर अट काय? 'प्रत्येक क्ष, य साठी' या विधानातून क्ष, य घालवायचे, हेच क्वांटिफायर काढणं.

य फक्त वर्गातच येतो, तो सहज जातो. उरतं: क्ष² + ब² − ब²(क्ष−क)²/अ² ≤ १, क्ष हा क−अ ते क+अ. दोन टोकं आणि शिखर तपासलं की झालं: अ+क ≤ १, आणि ब>अ असून अक ≤ ब²−अ² असेल तर ब²क² ≤ (१−ब²)(ब²−अ²) हेही हवं. अ, ब, क साठी ५०, ९०, ४० मिमी घेऊन बघा. ५०+४० = ९०, टोकं आत. पण ०.१२९६ ≤ ०.१०६४ खोटं, आणि खाच केंद्रापासून १०२ मिमीपर्यंत पोचते. नुसती टोकं मोजणारा इथेच फसतो.

रंकाळाकाठ: साहेब, शिखर तुम्ही हाताने काढलंत. वाइसफेनिंगचं आभासी प्रतिस्थापन शिखर शोधत नाही. ते बहुपदींची मुळं, मुळाहून किंचित पुढचा बिंदू आणि उणे अनंत एवढेच घालून बघतं. आता केंद्र वरही ड ने सरकवा. काहान यांनी १९७५ मध्ये हाच प्रश्न मांडला होता. य = ड ± ब√(१−(क्ष−क)²/अ²) घातलं की वर्गमूळ उरतं, ते घालवायला वर्ग केला की क्ष ची कोटी चार. वर्गबहुपदीपुरतं प्रतिस्थापन तिथेच थांबतं. सीएडीला कोटीची अडचणच नाही.

शिरोलीकर: अडचण नाही? चौथ्या कोटीच्या दोन बहुपदी घ्या. एका प्रक्षेपात, म्हणजे एक चल घालवताना, विवेचकाची (एका बहुपदीची दुहेरी मुळं टिपणारी बहुपदी) कोटी १२ पर्यंत, रिझल्टंटची (दोन बहुपदींची सामाईक मुळं टिपणारी) १६. त्या १६ वाल्याचा विवेचक २४० पर्यंत. तुमच्या प्रश्नात सहा चल आहेत. कोलिन्स यांनी १९७५ मध्ये पद्धत छापली तेव्हापासून दुहेरी घातांकी वाढ (घातांकाचाच पुन्हा घातांक) तिच्या बोडख्यावर बसलीय.

रंकाळाकाठ: ती एकट्या सीएडीची नव्हे. डेव्हनपोर्ट आणि हाइन्ट्स यांनी १९८८ मध्ये दाखवलं की क्वांटिफायर काढण्याच्या प्रश्नालाच, चलांच्या संख्येत, दुहेरी घातांकी खालची मर्यादा आहे. प्रतिस्थापनही त्यातून सुटत नाही, फक्त फुगलेलं सूत्र 'किंवा'च्या लांबलचक साखळीत दिसतं.

बिंदूचौक: दोघांचंही अर्धं बरोबर, पण मांडणीच चुकतेय. उलटं विचारा: लंबवर्तुळाच्या आत, काठ वगळून, असा बिंदू आहे का की क्ष²+य² > १? दोन्ही असमता काटेकोर. मग पूर्ण मितीचे कप्पेच (नुसत्या रेषा किंवा बिंदू नव्हेत) पुरतात, नमुनाबिंदू परिमेय निवडता येतात. सीएडीचा बराच वेळ खातो तो बैजिक संख्यांतला, म्हणजे √२ सारख्या बहुपदींच्या मुळांतला हिशेब, तोच वाचतो. सहनशीलता मिमीत ठरवणाऱ्याला काठावरच्या बिंदूचं काय घेणं?

सीएडीत मॅकॅलमचा लहान (कमी बहुपदी बनवणारा) प्रक्षेप वापरणार असाल तर एक सावधगिरी. बहुपदी एखाद्या रेषेवर समूळ शून्य झाली की तो निकालाची हमी देत नाही. प, फ, भ, म या क्रमाने चल असतील तर पम+फ हीच बघा: प=फ=० या रेषेवर म काहीही असो, शून्यच. तिथे कोलिन्सचा मोठा प्रक्षेप घ्या, नाहीतर लझारची पद्धत, तिची सिद्धता २०१९ मध्ये पूर्ण झाली. पूर्ण मितीचेच कप्पे हवे असतील तर हा त्रास येत नाही.

शिरोलीकर: मग सहाही चल ठेवता?

बिंदूचौक: छे. अ, ब पक्के करा, क आणि ड खुले ठेवा: दोनच परिमाणं, क्षेत्र कागदावर रेखाटता येतं. प्रक्षेपात य आधी, मग क्ष. आणि ०.९ असा दशांश देऊ नका. काही प्रणाल्या त्याला अंदाजी आकडा समजतात आणि मूळ एक की दोन इथेच गोंधळ होतो. ९/१० लिहा.