पहिल्यांदाच एफ वन (फॉर्म्युला वन कार रेस) बघायला जातोय, सोबत बाबा. कुठे बसू?

चौथा_गिअर
मंडळी, पंधरा वर्षं टीव्हीसमोर बसून रेस बघितल्या, आता एकदाचं प्रत्यक्ष जायचं ठरवलंय. सोबत बाबा आहेत, वय ६८, गुडघे कुरकुरतात पण हौस माझ्यापेक्षा दांडगी, शूमाकर-हाक्किनेनच्या काळापासून बघतायत. गोंधळ असा की मेन स्ट्रेटसमोरचं (जिथे रेस सुरू होते तो सरळ पट्टा) स्टँड घ्यावं, एखाद्या वळणावरचं घ्यावं, की सरळ जनरल अॅडमिशन (ठरलेली सीट नसलेलं तिकीट) घेऊन गवतावर चादर टाकावी? मित्र म्हणतो स्टार्ट डोळ्यांसमोर दिसला नाही तर गेलात कशाला. शिवाय शुक्रवारी जाण्यात काही राम आहे का, की शनिवार-रविवार पुरे? आणि ते कानात बोळे घालायचं प्रकरण खरं आहे का हो, कारण हल्लीच्या गाड्यांना आवाजच नाही म्हणून तर सगळे रडत असतात.

रानवारा
मित्राचं ऐकू नका. मी पहिल्या वेळी हौसेने मेन स्ट्रेटच घेतलं होतं, स्टार्टचे पाच सेकंद अंगावर काटा आला हे कबूल, पण नंतर? साधा हिशोब करा. ताशी ३०० म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. तुमच्या समोरचा दोनशे मीटरचा पट्टा गाडी अडीच सेकंदात पार करते, मान डावीकडून उजवीकडे वळेपर्यंत खेळ खल्लास. पन्नास लॅप (फेऱ्या) हेच, टेनिस बघितल्यासारखं.

वळणाचं घ्या, आणि तेही लांब स्ट्रेट संपून जिथे जोरात ब्रेक मारायला लागतो असं. गाडी तीनशेच्या वर येते आणि शंभर मीटरच्या पाटीच्या आसपास जे काही होतं ना ते टीव्हीवर कळतच नाही, कॅमेरा लांबून चपटं करून टाकतो सगळं. गाडीचं नाक खाली दबतं, डाउनशिफ्टचे फटाफट आवाज येतात, एखाद्याचं पुढचं चाक लॉक होऊन निळसर धूर निघतो, आणि ओव्हरटेकही बहुतेक इथेच होतात.

आता महत्त्वाचं, जे मला कोणी सांगितलं नव्हतं: रांग वरची घ्या. खालच्या रांगांतून ट्रॅकपेक्षा जाळीच जास्त दिसते. आणि समोर मोठा स्क्रीन आहे का ते सीटच्या नकाशावर आधी बघा, नाहीतर रेसमध्ये काय चाललंय ते शेजाऱ्याला विचारत बसाल.

पिटवाला_पांडू
रानवाराशी अर्धाच सहमत. मेन स्ट्रेट म्हणजे नुसती सुसाट गाडी नाही हो, समोर पिट असतात, म्हणजे गाड्या टायर बदलायला थांबतात त्या जागा! रेसच्या आधी ग्रिडवर (गाड्या स्टार्टला रांगेत उभ्या असतात तिथे) मेकॅनिक लोकांची जी लगबग चालते, टायरवरचे ब्लँकेट काढतात, ती बघण्यात अर्धा तास कसा गेला कळत नाही. पिटस्टॉप तर डोळ्यांवर विश्वास बसत नाही, मॅक्लारेनने २०२३ ला कतारला १.८ सेकंदात चारही चाकं बदललेली, तेवढ्यात मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं नसतं. वर पोडियम, पहिल्या तिघांना बक्षीस देतात तो. इटलीत मोंझाला तर रेस संपल्यावर लोक ट्रॅकवर घुसतात आणि पोडियमखाली फेरारीच्या चाहत्यांचा लाल समुद्र होतो, तो क्षण लांब वळणावर बसून मिळायचा नाही. पण हां, सीट पिटच्या अगदी समोर असेल तरच. स्ट्रेटच्या टोकाला मिळत असेल तर रानवारा म्हणतो ते खरं.

झुळूक
शुक्रवार अजिबात सोडू नका!! माझ्या मते सगळ्या वीकेंडमधला मजेचा दिवस तोच, कारण कोणाला काही सिद्ध करायचं नसतं आणि गर्दी कमी असते. बऱ्याच सर्किटवर शुक्रवारी काही स्टँडमध्ये कुठेही बसू देतात (तिकिटावर काय लिहिलंय ते बघा, सगळीकडे नाही), त्यामुळे एक प्रॅक्टिस या वळणावर, दुसरी त्या वळणावर असं फिरता येतं. पहिल्या प्रॅक्टिसला गाड्यांना भडक हिरवा रंग फासलेला असतो, चाकांमागे मोठाल्या जाळ्या लावलेल्या, हवा कशी वाहते ते तपासायला. एकेका गाडीला न्याहाळायला तासभर मिळतो. फक्त स्प्रिंटवाला वीकेंड असेल तर प्रॅक्टिस एकच, शुक्रवारीच स्प्रिंटचं क्वालिफाइंग (स्टार्टचा क्रम ठरवणारं) आणि शनिवारी शंभर किलोमीटरची छोटी रेस, मग हे गणित बदलतं.

जनरल अॅडमिशन मला स्वतःला आवडतं, पण बाबांसोबत नको. चांगली जागा धरायला उजाडायच्या आत जावं लागतं, उतारावर बसून कंबर निघते, आणि स्वच्छतागृहाला गेलात की जागा गेली. सर्किट भयंकर पसरलेलं असतं, मी एका दिवसात सहज पंधरा किलोमीटर चालले होते. बाबांच्या सीटला सर्वात जवळचं गेट कुठलं ते शोधा आणि शटल बस असेल तर तीच. शुक्रवार त्यांना अर्धाच करू द्या.

कानांचं खरं आहे. २०१४ पासूनची टर्बो हायब्रिड व्ही सिक्स इंजिनं जुन्या व्ही एट, व्ही टेनच्या मानाने मवाळ आहेत, पण मवाळ म्हणजे त्यांच्या मानाने! तीन दिवस, वर सपोर्ट रेसेस (मधल्या वेळातल्या दुसऱ्या गाड्यांच्या) वेगळ्या, आणि पोर्शेच्या रेसला तर एफ वनपेक्षा जास्त दणका बसतो. माझ्या कानात सोमवारी दुपारपर्यंत रातकिडे ओरडत होते. बोळे तुम्हाला, बाबांना हेडफोनसारखे इअरमफ.

चौथा_गिअर
बापरे, एवढं! धन्यवाद सगळ्यांना. अजून एक बावळट प्रश्न, टीव्हीवर नावं खाली येतात, तिथे कोण कुठला ड्रायव्हर हे कसं ओळखता? एकाच टीमच्या दोन गाड्या सारख्याच की.

तिरपागडा
बावळट नाही, सगळ्यांचं होतं हे. २०१८ ला हेलो (ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची संरक्षक कमान) आल्यापासून हेल्मेट धड दिसत नाही. युक्ती अशी की ड्रायव्हरच्या डोक्यावर जो टी-कॅमेरा असतो तो टीमच्या एका गाडीवर काळा आणि दुसरीवर भडक पिवळा असतो. सगळ्या टीमचे रंग पाठ असतीलच, मग फक्त कोणाचा पिवळा एवढं शुक्रवारी बघून ठेवा. टायरही तसेच: लाल पट्टा सॉफ्ट, पिवळा मीडियम, पांढरा हार्ड. कोणी कुठला लावलाय त्यावरून कोण कधी थांबेल याचा अंदाज येतो आणि शेजाऱ्याशी पैज लावता येते.

फोनवरच्या लाइव्ह टायमिंगवर भिस्त ठेवू नका, हजारो माणसं एकाच टॉवरला लटकलेली असतात, नेटवर्क रेस सुरू व्हायच्या आतच मान टाकतं. काही सर्किटवर एफएमवर कॉमेंट्री असते, छोटा रेडिओ न्या. इअरमफखाली इअरफोन बसतो, करून बघितलंय.

पावसाची तयारी मात्र झक मारून करा. छत्री नको, मागचे शिव्या घालतात, रेनकोट. बेल्जियममधल्या स्पाला एक लॅप सात किलोमीटरचा, एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला धो धो असं होतं. २०२१ ला तिथे लोक तासन्‌तास भिजत बसले आणि रेस म्हणून काय मिळालं तर सेफ्टी कारमागे (धोका असला की सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) दोन-तीन लॅप आणि ड्रायव्हरांना अर्धे पॉइंट. मी दुसऱ्या एका सर्किटवर गेलो तेव्हा पाऊस शनिवारीच पडला, रविवारी ऊन, पण पार्किंग म्हणजे शेत होतं. रेस दीड तासाची, गाडी चिखलातून बाहेर काढायला तीन तास. मालकाचा ट्रॅक्टर ओढायला येईपर्यंत आम्ही डिकी उघडून त्यात पाय लोंबकळत बसलेलो. तेव्हापासून रेस संपली की दोन तास हलायचंच नाही, सीटवर बसून राहायचं. नाहीतर रेल्वे.

पिटवाला_पांडू
+१ त्या दोन तासांना. रेसनंतर ट्रॅकवर सोडत असतील तर बाबांना न्या. कडेला रबराचे जे तुकडे पडलेले असतात ना, बोटभर लांब, शेवयांसारखे गुंडाळलेले, त्यातला एक उचलून आणा. माझा अजून टेबलावर आहे, उन्हाळ्यात वास मारतो, बायको दर दिवाळीला टाकायला निघते.

चौथा_गिअर
सगळं बाबांना वाचून दाखवलं. पिवळ्या कॅमेऱ्याचं त्यांना आधीपासून माहीत होतं, म्हणे मला विचारायचं होतंस, धागा कशाला काढलास. वळणाचंच स्टँड ठरलंय, वरून चौथ्या रांगेत दोन सीट दिसतायत, पण एक खांबामागे असेल की काय अशी शंका आहे. ती मी घेतो.