मदत हवी आहे: तोफगोळ्याची पितळी पुंगळी खरी की बनावट?

नमस्कार मंडळी. जालन्यात एका भंगारवाल्याकडं दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश २५ पाउंडर तोफेची रिकामी पुंगळी पाहिली. बुडावर १९४२. आठ हजार सांगतोय, वर "पुण्याचं गिऱ्हाईक उद्या येतंय" म्हणून घाई. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढले, म्हणून जीव अडकलाय. पण अक्षरं ठोकलेली नाहीत, ओतीव वाटतात. कडा गोलसर, आणि काळपटपणा बोटाला लागतो. लांबी २९२ मिमी हवी, इथं २७० च भरली. कापलेली असेल का? मुख्य काळजी वेगळीच: प्रायमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीवर, तोफेची पिन आदळल्याचा खड्डा नाही. म्हणजे तो प्रायमर अजून न उडालेला, जिवंत असू शकतो ना? मी जागेवरच ठेवून आलो. जाणकारांनी सांगा, आधी पोलिसांना कळवू का?